निळी पुस्तिका आणि बंद दार

पासपोर्टाला शासकीय मराठीत ‘पारपत्र’ म्हणतात. शब्द चांगला आहे. पार नेणारे पत्र. पण असे पत्र खिशात असूनही ज्यांना पार जाता आले नाही अशी हजारो माणसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नैरोबी, कंपाला आणि आपल्या मुंबईत ब्रिटिश कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभी होती. त्यांच्या हातातली पुस्तिका खरी होती. निळे कव्हर, त्यावर सोनेरी राजचिन्ह आणि आत राणीच्या नावाने केलेली विनंती, की या इसमास विनाअडथळा जाऊ द्यावे. अडथळा त्याच राणीच्या सरकारने उभा केला होता. तो कसा उभा राहिला हे समजून घ्यायचे, तर कायद्यांची कलमे आणि शिक्के जरा चिकाटीने वाचावे लागतात. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

पूर्व आफ्रिकेत हिंदी माणसे पूर्वीपासून व्यापाराला जात होतीच. पण मोठी लाट गेली ती रेल्वेमुळे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा मार्ग बांधण्यासाठी १८९६ ते १९०१ या काळात सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून नेले गेले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले, बहुतेक जण करार संपल्यावर परतले आणि साडेसहा हजारांच्या घरात मागे राहिले. त्यांच्यामागून गुजरातेतले दुकानदार, पंजाबातले कारागीर आणि गोव्यातले कारकून, आचारी व शिंपी गेले. स्वाहिली भाषेत दुकानाला आजही ‘डुका’ म्हणतात, तो शब्द या माणसांबरोबर बोटीतून उतरलेला आहे.

१९४७पर्यंत यांतली बरीचशी माणसे, गोवेकर वगळता, ब्रिटिश प्रजाजन होती. पुढे प्रजेचे नागरिक झाले आणि तिथून गुंता सुरू झाला. १९४८च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने ‘युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचा नागरिक’ असा एकच मोठा दर्जा निर्माण केला. लंडनमध्ये जन्मलेला बँकर आणि नैरोबीत जन्मलेला लोहाण्याचा मुलगा कागदावर सारखे झाले. मात्र वसाहत वेगळी आणि संरक्षित प्रदेश वेगळा. केनियाचा अंतर्भाग वसाहत होता, मोंबासाचा किनारपट्टा नावापुरता झांजिबारच्या सुलतानाचा, म्हणून संरक्षित. आणि युगांडा सगळाच संरक्षित. तेव्हा जन्म कुठला, बापाचा जन्म कुठला, बापाचे लग्न केव्हाचे, यावर माणूस ‘नागरिक’ की नुसता ‘ब्रिटिश संरक्षित इसम’ हे ठरे. दोन सख्ख्या भावांच्या पुस्तिकांवर वेगवेगळा दर्जा लिहिलेला असणे अशक्य नव्हते. त्या काळी कोणी ते बारकाईने पाहिले नसेल, कारण दोघांचाही व्यापार चालू होता.

याच सुमारास भारतानेही एक दार उघडून ठेवले होते. राज्यघटनेच्या आठव्या कलमानुसार परदेशी राहणाऱ्या, पण स्वतः किंवा आईबाप, आजा-आजी यांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असेल अशा माणसाला, तो राहतो त्या देशातल्या भारतीय राजनैतिक वा वाणिज्य प्रतिनिधीकडे अर्ज करून भारताचा नागरिक होता येत असे. नैरोबीत हा प्रतिनिधी कोण होता? औंधचे अप्पासाहेब पंत. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे हे चिरंजीव. औंध संस्थानात गांधींच्या सल्ल्याने लोकांहाती कारभार देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात तरुण अप्पासाहेब होते. १९४८मध्ये नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले भारताचे पहिले आयुक्त म्हणून पाठवले आणि ते १९५४पर्यंत तिथे राहिले.

पंतांपुढचा पेच मला या सगळ्या कहाणीत सर्वांत अवघड वाटतो. नोंदणीची वही त्यांच्या कचेरीत होती, पण त्यांच्या सरकारचे धोरण ती वही भरावी असे नव्हते. नेहरूंचे म्हणणे स्पष्ट होते: तुम्ही आफ्रिकेत राहता, तर आफ्रिकेचे व्हा, आफ्रिकी माणसाच्या हक्कांच्या आड येऊन स्वतःसाठी सवलती मागू नका. पंतांनी हे धोरण मनापासून राबवले. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी मैत्री जोडली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्तीवर पाठवण्यात रस घेतला, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष इतका ओढवून घेतला की त्यांना तिथून हलवावे म्हणून ब्रिटिश बाजूने दडपण आले. नैतिकदृष्ट्या त्या धोरणात खोट काढता येणार नाही. पण दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने त्यातून काय घेतले असेल? ‘आफ्रिकेचे व्हा’ हे खरे. पण तेव्हा आफ्रिकेचा पासपोर्ट असा काही नव्हताच. होता तो ब्रिटिश. तो त्याने ठेवला.

गोवेकरांचे आणखी निराळे. गोव्यात जन्मलेला नैरोबीतला कारकून पोर्तुगीज नागरिक होता. केनियाच्या वसाहती काळातल्या जनगणनांत ‘गोवन’ असा स्वतंत्र रकाना असे. डिसेंबर १९६१मध्ये गोवा भारतात आला आणि ज्या सरकारचा पासपोर्ट खिशात, त्याची सत्ता गावावर उरली नाही. पोर्तुगालने मात्र ही गोष्ट १९७४च्या अखेरीपर्यंत मान्य केली नाही. म्हणजे तेरा वर्षे एकाच गावच्या माणसावर दोन देश हक्क सांगत होते. काहींनी भारतीय कागद घेतले, काहींनी ब्रिटिश, काहींनी पोर्तुगीज तसाच ठेवला. एका घरात तिन्ही निघावेत, अशीच ती परिस्थिती होती.

आता मुख्य गाठीकडे. १९६२मध्ये ब्रिटनने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यातून सुटका कोणाला? ज्याचा जन्म ब्रिटनमध्ये झाला त्याला, किंवा जो नागरिक असून ज्याचा पासपोर्ट ‘युनायटेड किंग्डमच्या सरकारने’ दिलेला आहे त्याला. वसाहतीच्या गव्हर्नरने दिलेला पासपोर्ट दिसायला तसाच. पण तो वसाहतीच्या सरकारच्या वतीने दिलेला, म्हणून तो चालणार नव्हता. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९६३ला केनिया स्वतंत्र झाला. गव्हर्नर गेला, त्याच्या जागी ब्रिटिश उच्चायुक्तालय आले. तोच माणूस, तेच शहर; पण आता त्याची नवी पुस्तिका उच्चायुक्तालयातून, म्हणजे थेट लंडनच्या सरकारच्या वतीने निघाली. कायद्याच्या शब्दांप्रमाणे त्याला ब्रिटनमध्ये मुक्त प्रवेश मिळाला. देणाऱ्या कचेरीचे नाव बदलल्याने पुस्तिकेचे मोल बदलले.

हे नजरचुकीने घडले की जाणूनबुजून, यावर पुढे लंडनमध्ये मोठा वाद झाला. केनियाच्या स्वातंत्र्याच्या वेळी वसाहतमंत्री असलेले डंकन सँडिस हेच नंतर दार बंद करा म्हणणाऱ्यांत पुढे होते. त्यांचेच पूर्वसुरी आणि पक्षबंधू इयन मॅक्लाउड यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये ‘स्पेक्टेटर’मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितले की वचन दिले होते आणि ते आपल्याला ठाऊक होते. स्वपक्षीयाला असे उघड्यावर खोटे पाडणारे राजकारणी थोडेच.

केनियाने हिंदी रहिवाशांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला दोन वर्षे दिली. पावणेदोन लाखांच्या आसपास असलेल्या समाजातल्या बऱ्याच जणांनी ही मुदत वाट पाहण्यात घालवली. त्यांना दोष देणे सोपे आहे, आणि आफ्रिकी पुढाऱ्यांनी तो दिलाही: तुम्हाला धंदा इथे हवा आणि निष्ठा तिथे. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण नव्या राज्याची घडी बसेल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि दुहेरी नागरिकत्वाची सोय नव्हती. १९६७मध्ये केनियाने परदेशी नागरिकांना कामाचा परवाना आणि व्यापाराचा परवाना बंधनकारक केला, तेव्हा ‘परदेशी’ म्हणजे कोण हे त्यांना उमगले. १९६८च्या आरंभी लंडनकडची विमाने भरून जाऊ लागली.

ब्रिटनमधल्या मजूर सरकारचे गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांनी विधेयक आणले आणि ते संसदेत तीन दिवसांत पुढे रेटले. १ मार्च १९६८ला त्याचा कायदा झाला. आता सरकारी पासपोर्ट पुरेसा नव्हता. स्वतः, आईबाप किंवा आजा-आजी यांपैकी कोणी खुद्द ब्रिटनमध्ये जन्मलेले, दत्तक गेलेले वा तिथे नागरिक म्हणून नोंदलेले हवे. ‘गोरा’ हा शब्द कायद्यात कुठेही नाही. त्याची गरजच नव्हती. केनियातल्या गोऱ्या शेतकऱ्याचा आजा यॉर्कशरचा असे, हिंदी दुकानदाराचा जामनगरचा.

बदल्यात काय दिले? ‘स्पेशल व्हाउचर’. वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना प्रवेशपत्रे. १९७१मध्ये हा आकडा ३,००० केला, १९७५मध्ये ५,०००. म्हणजे नागरिकाला स्वतःच्या देशात जाण्यासाठी क्रमांक लावणे आले. ज्यांना धीर नव्हता, किंवा ज्यांचा कामाचा परवाना संपून गेला होता, ते तसेच विमानात बसले. हीथ्रोवरून परत नैरोबीला, तिथून आणखी कुठे, पुन्हा हीथ्रोला अशा त्यांच्या फेऱ्या झाल्या. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना बॅडमिंटनच्या फुलाचे नाव दिले. भारतानेही या सुमारास केनियातल्या ब्रिटिश पासपोर्टधारक हिंदी लोकांवर व्हिसाचे बंधन घातले. भारताचे म्हणणे असे की ही ब्रिटनची माणसे आहेत, ब्रिटनने जबाबदारी झटकू नये. पुढे तडजोड झाली: अखेरची जबाबदारी ब्रिटनची आहे असे पासपोर्टावर नोंदवलेले असेल, तर भारत त्यांना येऊ देईल. तत्त्व दोन्ही सरकारांनी राखले. मधे माणसे थांबली.

युगांडाची कथा अधिक प्रसिद्ध आहे म्हणून थोडक्यात. ४ ऑगस्ट १९७२ला इदी अमीनने ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाईंना नव्वद दिवसांची मुदत दिली. अखेरची तारीख ८ नोव्हेंबर. लवकरच भारत, पाकिस्तान, बांगलादेशच्या नागरिकांनाही त्यात ओढले. इथे मला सांगायचे आहे ते युगांडाचे नागरिक झालेल्यांविषयी. त्यांना कागद तपासायला रांगेत उभे केले गेले. ब्रिटिश नागरिकत्व सोडल्याचा दाखला ठरलेल्या मुदतीत दिला नव्हता, अशा तांत्रिक कारणांवर हजारो नावे खोडली गेली. ज्यांनी नेहरूंचा सल्ला अक्षरशः पाळला होता, तेच बिनदेशाचे झाले. त्यांना आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रवासी कागद घेऊन ऑस्ट्रिया, इटली, माल्टा येथल्या छावण्यांत जावे लागले. आणि ज्याने काहीच न करता निळी पुस्तिका पेटीत जपली होती, तो या खेपेस ब्रिटनला पोहोचला, कारण जगापुढे ब्रिटनला नाही म्हणता आले नाही. सुमारे अठ्ठावीस हजार लोक तिथे गेले. बायको ब्रिटिश आणि नवरा बिनदेशी अशी जोडपी मात्र दोन देशांत विभागली गेली. लेस्टरच्या नगरपालिकेने कंपालाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘इथे येऊ नका’ असे कळवले होते; लोक तिथेच गेले. १९६९ ते १९७२ या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते अप्पासाहेब पंत. वीस वर्षांपूर्वी ज्यांना त्यांनी ‘इथलेच व्हा’ म्हटले, त्यांच्याच पासपोर्टांचा प्रश्न या शहरात त्यांच्यापुढे पुन्हा आला.

कायद्याच्या वाटेनेही काही जण गेले. एकतीस अर्जदारांचे प्रकरण युरोपीय मानवी हक्क आयोगापुढे चालले. १९६८चा कायदा वंशभेद करणारा आहे आणि नागरिक असलेल्या अर्जदारांना मिळालेली वागणूक मानहानिकारक आहे, असा निष्कर्ष आयोगाने डिसेंबर १९७३मध्ये काढला. पण हा अहवाल प्रसिद्ध झाला १९९४मध्ये. तोवर अर्जदारांची मुले चाळिशीकडे झुकली असतील.

शेवटची रांग मुंबईची. आफ्रिकेतून तात्पुरते म्हणून भारतात आलेली बरीच कुटुंबे व्हाउचरची वाट पाहत इथे राहिली. आफ्रिकेतली यादी सत्तरच्या दशकात ओसरली, इथली वर्षानुवर्षे लांबली. शिवाय ‘कुटुंबप्रमुख’ या शब्दाचा एक अर्थ गृहीत होता. मुंबईतल्या प्रवेश-अधिकाऱ्याने एका विवाहितेचा अर्ज या कारणावर फेटाळला, की नवरा असताना ती कुटुंबप्रमुख होऊ शकत नाही. पासपोर्ट तिच्या नावाचा होता. खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९८३मध्ये बहुमताने निकाल लागला, की व्हाउचर देणे ही लिंगभेदविरोधी कायद्यात बसणारी ‘सेवा’च नव्हे. लॉर्ड स्कारमन यांनी विरोधी मत नोंदवले. वकिलातीच्या खिडकीतून नागरिकाला जे मिळते ती सेवा, हक्क, की मेहेरबानी, हा प्रश्न इतक्या उघडपणे क्वचितच विचारला गेला असेल.

दरम्यान १९८१च्या कायद्याने या लोकांचा दर्जा ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ असा केला. पासपोर्ट मिळेल, प्रवेश मिळणार नाही. मार्च २००२मध्ये व्हाउचर योजना बंद झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने अखेर मुभा दिली, की अशा माणसाने अर्ज करून पूर्ण ब्रिटिश नागरिक व्हावे. अट एकच: दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व त्याच्याकडे असता कामा नये, आणि ४ जुलै २००२नंतर त्याने ते सोडलेलेही नसावे. तीस वर्षांच्या प्रतीक्षेत मुलांच्या नोकरीसाठी वा घर घेण्यासाठी ज्यांनी भारतीय कागद करून घेतले होते, त्यांना हा अर्ज भरता आला नाही.