एलायझा लिस्पमधली नव्हे

माणसाशी इंग्रजीत टंकून संवाद करणारा पहिला गाजलेला प्रोग्राम म्हणजे जोसेफ वायझेनबाउम यांची एलायझा. ती लिस्प भाषेत लिहिली होती, असे पाठ्यपुस्तके आणि लेख वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. हे विधान चूक आहे. ही चूक तपशिलाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामुळे एक अख्खी विचारधारा इतिहासातून पुसली गेली.

पूर्वपक्ष दुबळा नाही. वायझेनबाउम एमआयटीत होते आणि जॉन मॅकार्थी यांची लिस्पही तिथलीच. जानेवारी १९६६मध्ये एसीएमच्या मासिकात एलायझावरचा निबंध आला, तेव्हा सोबत मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करणारी ‘डॉक्टर’ ही स्क्रिप्ट छापली होती. कंसात कंस गुंफलेला तो मजकूर पाहून कुणालाही लिस्पच आठवेल. शिवाय बीबीएनमधल्या बर्नी कोसेल यांनी निबंधाच्या आधाराने लिस्पमध्ये खरोखरच एक एलायझा रचली आणि पुढे अर्पानेटवरून तीच पसरली. मूळ प्रोग्राम छापलाच गेला नव्हता. मग लोकांनी जी पाहिली, तिलाच मूळ मानले.

पण वायझेनबाउम यांच्या निबंधातच स्पष्ट नोंद आहे: आयबीएम ७०९४ या यंत्रासाठी, मॅड-स्लिपमध्ये. मॅड ही मिशिगन विद्यापीठात घडलेली, मुख्यतः आकडेमोडीची भाषा. स्लिप हे वायझेनबाउम यांनी १९६३मध्ये प्रसिद्ध केलेले याद्या हाताळण्याचे साधन, आधी फोरट्रानमध्ये बसवलेले. त्यातल्या यादीच्या प्रत्येक घराला डावा आणि उजवा असे दोन्ही शेजारी ठाऊक असतात, त्यामुळे यादी कुठल्याही टोकाकडून वाचता येते. लिस्पची साधी यादी एकाच दिशेने जाते. कंसांचा पुरावाही इथेच ढासळतो, कारण स्लिपही आपल्या याद्या कंसांतच वाचते.

फरक यंत्रणेपुरताही नाही. याद्यांवर काम करायचे तर त्यासाठी स्वतंत्र भाषा हवी, ही लिस्पची वाट. वायझेनबाउम यांनी उलट वाट धरली: प्रोग्रामरच्या हातात आधीपासून असलेल्या भाषेलाच ही ताकद जोडून द्यावी. एलायझाला लिस्पच्या खात्यावर मांडले की ही भूमिका दिसेनाशी होते.

यावर सांगितले जाते की भाषा कुठलीही असो, नियम निबंधात आहेत, तेवढे पुरे. पुरे नाहीत. संवादात अडल्यावर एलायझा माणसाचे जुने बोलणे पुन्हा काढते. ते कधी काढायचे, याबाबत निबंध फक्त एका मोजणीच्या यंत्रणेचा मोघम उल्लेख करतो. २०२१मध्ये एमआयटीच्या अभिलेखागारातील वायझेनबाउम यांच्या कागदपत्रांत मूळ प्रोग्रामची छापील प्रत सापडली, तेव्हा कोडे सुटले. ‘लिमिट’ नावाचा एक आकडा १ ते ४ फिरत राहतो. ओळखीचा शब्द सापडला नाही आणि आकडा ४वर असला, तरच जुनी आठवण वर येते. संवाद चालू असताना स्क्रिप्टचे नियम बदलण्याची सोयही त्या प्रतीत आहे. लोकप्रिय नकलांत ती गळाली आणि एलायझा म्हणजे ठरावीक उत्तरांचे खेळणे, हा समज पक्का झाला.

ही प्रत वाचणे सोपे नव्हते. मॅडमध्ये आज्ञेची पहिली आणि शेवटची अक्षरे ठेवून मध्ये अपॉस्ट्रॉफी देता येते: ‘व्हेनेव्हर’चे ‘डब्ल्यू'आर’, ‘ट्रान्सफर टू’चे ‘टी'ओ’. अभ्यासकांनी अशी ओळ न् ओळ उलगडली, हरवलेली फंक्शन्स पुन्हा रचली आणि ७०९४चे अनुकरण करणाऱ्या आजच्या संगणकावर त्या काळची सीटीएसएस ही कार्यप्रणाली उभी केली. डिसेंबर २०२४मध्ये एलायझा तिथे पुन्हा बोलू लागली. ही खरी पाठचिकित्सा आहे आणि जुन्या पोथ्यांच्या संपादनाला आपण देतो तोच मान तिला मिळायला हवा.

जे संगणकाचा इतिहास शिकवतात आणि लिहितात, त्यांना विनंती आहे: पुढच्या आवृत्तीत ‘लिस्प’ हा शब्द खोडून तिथे ‘मॅड-स्लिप’ लिहा.