भीतीचे भाकीत, आशेचे काम

पृथ्वी बुडणार, अन्न संपणार, माणूस उरणार नाही, असा टाहो पर्यावरणाच्या नावाने कानी पडला की आम्हाला 1968 साल आठवते. त्या वर्षी पॉल एर्लिक या अमेरिकी प्राध्यापकाचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक आले. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील, असे त्यात ठामपणे सांगितले होते. दिल्लीतल्या गर्दीचे वर्णन करून लेखकाने या भीतीला चेहरा दिला. तो चेहरा गरिबाचा होता.

आणीबाणी एका पुस्तकामुळे आली नाही, हे आम्ही जाणतो. पण ‘लोकसंख्येचा स्फोट’ या भाषेने जबरदस्तीला शहाणपणाचा मुलामा दिला. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या. हरियाणातील उटावड या मेव मुस्लिमांच्या गावाला नसबंदीसाठी पोलिसांनी वेढा घातला. महाराष्ट्र विधिमंडळानेही सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

याच महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात दुसरा रस्ताही दाखवला होता. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, तलाव खोदले, बांध घातले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी पुढे 1977 च्या कायद्यात उतरली. माणसाला ओझे न मानता त्याच्या हाताला काम दिले गेले.

आणि तो ‘स्फोट’? 1992-93 मध्ये देशातील मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुले होती. 2019-21 मध्ये हे प्रमाण 2.36 वर आले. ही घट पोलिसांच्या वेढ्याने झाली नाही. मुली शाळेत गेल्या, दवाखाना जवळ आला, बाळे जगू लागली.

याचा अर्थ संकट खोटे, असा नव्हे. तापमान वाढते आहे, नद्या नासल्या आहेत. ओझोनचा धोकाही खराच होता. पण 1987 च्या माँट्रियल कराराने नेमका उपाय ठरवला, जगाने तो पाळला आणि तो थर आता भरून येतो आहे.

म्हणून इशारा जरूर द्यावा. मात्र इशारा देणाऱ्याला आम्ही दोन प्रश्न विचारू: उपाय कोणता? आणि त्याची किंमत कोणाच्या मोहल्ल्याने मोजायची?