लाल रेषेची कुळकथा

नॅरोबँड फिल्टरची काच दिसायला आरशासारखी असते. ती डोळ्यापुढे धरली तर पलीकडचं जवळपास काहीच दिसत नाही. खगोलछायाचित्रण म्हणजे आकाशातला क्षीण प्रकाश थेंबाथेंबाने साठवण्याचा छंद, आणि त्यातली माणसं चांगले पैसे मोजून, एक अरुंद पट्टा सोडला तर बाकी सगळा प्रकाश अडवणारी ही काच विकत घेतात. या उलट्या व्यवहाराचं मूळ १८६४ सालात आहे.

विल्यम हगिन्सने घरचा रेशमी कापडाचा धंदा विकून दक्षिण लंडनमधल्या टल्स हिल इथे स्वतःची वेधशाळा थाटली होती. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री त्याने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघावर दुर्बीण रोखली. दुर्बिणीमागे प्रकाश रंगांत फोडणारा वर्णपटदर्शक होता. ताऱ्याच्या प्रकाशाचा पट सलग रंगीत पट्ट्यासारखा पडतो. इथे पट्टा नव्हताच. अंधारात मोजक्या हिरव्या-निळसर रेषा होत्या, त्यांतली एक ठळक. म्हणजे ही दुरून धूसर दिसणारी ताऱ्यांची गर्दी नव्हती. विरळ वायू होता. देवयानीच्या मेघाचा पट मात्र ताऱ्यांसारखा सलग निघाला.

वायू मोजक्याच तरंगलांबींवर प्रकाशत असेल, तर मधला सगळा वर्णपट त्याच्या लेखी रिकामाच. तिथला प्रकाश फेकून दिला तरी तेजोमेघाचं काही जात नाही. जातो तो शहराचा, चंद्राचा आणि धुरक्याचा उजेड. नॅरोबँडचं सगळं शास्त्र या एका निरीक्षणावर उभं आहे.

त्या ठळक हिरव्या रेषेने पुढे साठ वर्षं शास्त्रज्ञांना झुलवलं. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यही कल्पून झालं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं, की हा आपला ओळखीचा ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेत अणू एकमेकांवर इतक्या लवकर आदळतात की ही रेषा उमटायला त्यांना उसंतच मिळत नाही. तेजोमेघात ती मिळते. आजचे छायाचित्रकार या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेला 'ओ-थ्री' म्हणतात.

पण तेजोमेघांच्या फोटोंतली खरी नायिका दुसरीच: हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा, 'एच-अल्फा'. तिच्या नशिबी वारंवार नजरेआड होणं आलं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लाल रंग फारसा दिसत नाही, म्हणून दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ करडा-हिरवट वाटतो. ३० सप्टेंबर १८८० ला हेन्री ड्रेपरने न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसनहून त्याच मेघाचा फोटो घेतला. तेजोमेघाचा हा पहिला फोटो. त्यासाठी ११ इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटं प्रकाश घेतला होता. पण त्या काळच्या फोटोच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि लालला आंधळ्या. लाल रेषा तिथेही हुकली.

सूर्याच्या बाबतीत मात्र ती आधीच कामाला लागली होती. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणानंतर खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून आणि ऑक्टोबरमध्ये लॉकियरने इंग्लंडहून, ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाळा वर्णपटदर्शकातून पाहिल्या. पुढच्याच वर्षी हगिन्सने वर्णपटदर्शकाची फट रुंद करून त्याच लाल रेषेच्या प्रकाशात ज्वाळेचा अख्खा आकार पाहिला. एका रेषेच्या उजेडातलं चित्र, म्हणजे आजच्या तंत्राचा पणजोबाच. (विजयदुर्ग किल्ल्यावरच्या 'साहेबाचे ओटे' या चौथऱ्यांवरून लॉकियरने ते ग्रहण पाहिलं, असं सांगितलं जातं. ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून गेली हे खरं, पण लॉकियर तेव्हा भारतात नव्हता.)

तेजोमेघांच्या वाट्याला लाल रेषा आली ती लालला संवेदनशील प्लेटा आल्यावर. स्ट्युअर्ट शार्पलेसने पालोमार वेधशाळेच्या लाल प्रकाशातल्या प्लेटा धुंडाळून १९५९ मध्ये ३१३ हायड्रोजन-मेघांची यादी छापली. आजही हौशी मंडळी 'एसएच २' लावून त्याच क्रमांकांनी मेघ ओळखतात. अरुंद फिल्टरची काच तोवर जर्मनीत जन्मली होती. १९३९ मध्ये वॉल्टर गेफकेनने काचेवर अतिपातळ थर चढवून व्यतिकरण फिल्टर बनवला. थरांची जाडी अशी जुळवायची की हव्या त्या लाटा एकमेकींना बळ देऊन पार जातील आणि बाकीच्या परत फिरतील.

मग आले डिजिटल कॅमेरे, आणि लाल रेषा पुन्हा हुकली. माणसाच्या कातडीचा रंग नैसर्गिक यावा म्हणून डीएसएलआर कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे एक फिल्टर असतो. तो अवरक्त प्रकाश कापतो आणि जाता जाता एच-अल्फाचाही बराचसा भाग गिळतो. जेमतेम पाव हिस्सा पोचतो. लोकांनी कॅमेरे उघडून तो काढायला सुरुवात केली. कॅननने २००५ मध्ये '२०डीए' हे खगोलछायाचित्रणासाठीचं मॉडेल काढलं, पुढे निकॉनचा 'डी८१०ए' आला. तरी स्क्रू-ड्रायव्हरवाली परंपरा काही थांबली नाही.

हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या 'पिलर्स ऑफ क्रिएशन' या फोटोने रंगांची फॅशन ठरवली: गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. हा क्रम तरंगलांबीचाच आहे, पण हायड्रोजन हिरवा पाहून पहिल्यांदा दचकायला होतंच. डीएसएलआरवाल्यांनी वेगळी वाट धरली. एच-अल्फा आणि ओ-थ्री दोन्ही सोडणारा एकच फिल्टर लावायचा. सेन्सरवर प्रकाश टिपणारे लाल, हिरवे आणि निळे खण असतात. लाल खणांत हायड्रोजन पडतो, हिरव्या-निळ्यांत ऑक्सिजन. एका फोटोत दोन रेषा. दर चार खणांत लाल एकच, त्यामुळे एच-अल्फाला जागा कमी मिळते, पण काम चालतं. फिल्टरची एका रेषेसाठीची सात नॅनोमीटरची खिडकी म्हणजे दृश्य प्रकाशाचा सुमारे चाळिसावा भाग, म्हणून काही मिनिटांचे फोटो डझनांनी घेऊन एकावर एक रचावे लागतात.

कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुक्यापुढे मात्र हा फिल्टर निरुपयोगी. ते धुकं ताऱ्यांचा उजेड परावर्तित करतं, त्याचा पट सलग असतो.

शहरांत सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर फक्त त्यांच्या रेषा गाळणारे स्वस्त फिल्टर पुरायचे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश जवळजवळ सगळ्या पटावर पसरतो, तेव्हा नॅरोबँडच उरतो. त्यातही एलईडी आणि चांदणं ओ-थ्रीला जास्त छळतात, एच-अल्फाला कमी. म्हणून एकेका रेषेसाठी वेगळा फिल्टर लावणारे कृष्णधवल कॅमेरावाले चांदण्या रात्री हायड्रोजन टिपतात आणि ऑक्सिजन अमावस्येसाठी राखून ठेवतात. दोन रेषांचा फिल्टर लावलेल्या डीएसएलआरवाल्याला ही सोय नाही. त्याला दोन्ही एकाच रात्री घ्यावे लागतात.