सूर्याचे दप्तर

इतिहास म्हटला की आपणांस रुमालांत बांधलेले कागद आठवतात. सनदा, महजर, जमाखर्चाच्या वह्या ह्यांवाचून आपल्याकडील कोणताही इतिहास उभा राहत नाही. परंतु सूर्याचाही इतिहास आहे व त्याचेही दप्तर आहे, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस नवी वाटेल. ह्या दप्तराचा एक भाग माणसांनी लिहिला, दुसरा झाडांनी व हिमाने लिहिला. दोहोंचाही महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे, म्हणून त्यांचा येथे थोडक्यात विचार करू.

मुंबईस कुलाब्याची वेधशाळा 1826 साली स्थापन झाली आणि 1841 पासून तेथे चुंबकसूचीचे वेध नियमाने घेतले जाऊ लागले. ह्या वेधशाळेचा कारभार काही काळ ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांच्याकडे होता, आणि ज्यांस महाराष्ट्र केरूनाना छत्रे म्हणून ओळखतो, त्यांनी तरुणपणी प्रोफेसर ऑर्लिबार ह्यांच्या हाताखाली तेथेच काम केले. अर्वाचीन मराठी विद्येच्या आरंभीची ही दोन माणसे एकाच वेधशाळेत वावरली, हा योग लहान नव्हे.

ह्या वेधशाळेची खरी कसोटी 1859 साली लागली. 1 सप्टेंबर रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्यास त्या डागांजवळ एकाएकी प्रखर तेज दिसले. सुमारे साडेसतरा तासांनी त्याचा परिणाम पृथ्वीवर येऊन आदळला. त्या वेळी मुंबईत 2 सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याचे निरीक्षक सूची डोळ्यांनी वाचून दर तासास आकडा टिपीत, आणि ती अस्वस्थ झाली म्हणजे दर पाच मिनिटांस टिपीत. त्या दिवशी दुपारपूर्वीच पृथ्वीच्या चुंबकबलाचा आडवा अंश सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी, म्हणजे नित्याच्या मानाने शेकडा चारांनी, खाली गेला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, परंतु विषुववृत्ताच्या इतक्या जवळ त्या वादळाचे माप घेतलेले असे कुलाब्याचेच. 2003 साली भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी ह्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर नव्याने ठरविला. तासाची सरासरी धरल्यास तो आकडा बराच उतरतो, असे पुढे इतरांनी दाखविले. पण वाद चालतो तो कुलाब्याच्या आकड्यांवरच. ज्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत, त्या निरीक्षकांनी कंटाळा केला असता तर वादासही आधार उरता ना.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सूची बहकणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस ह्यांनी चुंबकीय वेध 1904 पासून अलिबागेस सुरू केले. दोन्ही ठिकाणचे आकडे जुळावेत म्हणून दोन वर्षे कुलाब्याचे वेधही चालू ठेवले. 1846 ते 1905 पर्यंतच्या वेधांचा त्यांचा ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध झाला. अलिबागेजवळचे नागाव हे केरूनानांचे जन्मगाव, हे येथे सहज आठवते.

परंतु सूचीची ही वही दोनशे वर्षांचीही नाही. त्यामागचे काय? येथे दुसरा कारकून पुढे येतो. 1912 साली व्हिक्टर हेस ह्याने बलूनमधून पाच हजार मीटरांवर चढून असे दाखविले की, अंतराळातून भेदक किरण सतत पृथ्वीवर येत असतात. ह्या विश्वकिरणांनी हवेतील नत्राचा किरणोत्सर्गी कार्बन होतो. झाड तो शोषते आणि त्या वर्षीच्या वलयात कोंडून ठेवते. सूर्य क्षुब्ध असला की त्याचे चुंबकीय वारे विश्वकिरणांस अडवितात व हा कार्बन कमी होतो. सूर्य शांत असला की वाढतो. 1645 ते 1715 पर्यंत सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते, हे दुर्बिणीने पाहिले होते. वलयांतील वाढलेला कार्बन त्यास साक्ष देतो. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक 1674 साली झाला तो ह्या निष्कलंक सूर्याखाली. अर्थात ह्यावरून फलज्योतिष काढण्याचे कारण नाही. जपानात फुसा मियाके ह्यांनी 2012 साली इ. स. 774-75 च्या वलयात ह्या कार्बनाची एकाएकी झालेली मोठी वाढ दाखविली. ती सूर्याच्याच प्रचंड स्फोटाची असावी असे बहुतेकांचे मत आहे. वेरूळचे कैलास लेणे खोदविणारा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याची कारकीर्द त्याच सुमारास संपली.

आमच्या निलंग्याकडे पाहावे तर हैदराबाद येथून सुमारे दोनशे किलोमीटर. डॉ. होमी भाभा ह्यांनी 1945 साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची बलूने तेथूनच वर जातात, आणि त्यांची यंत्रे छत्रीच्या आधाराने जेथे उतरण्याचा संभव त्या जिल्ह्यांत लातूर-नांदेडही येतात. हा प्रदेश चुंबकीय विषुववृत्तापासून दूर नसल्याने दुबळे कण परतविले जातात व जोरकस तेवढेच पोहोचतात. निसर्गाने येथे चाळणीच लावून दिली आहे. ह्याच संस्थेच्या उटी येथील यंत्रांनी 22 जून 2015 रोजी म्यूऑन कणांचा ओघ दोन तास वाढलेला टिपला. सौर वादळाने पृथ्वीचे चुंबकीय कवच घटकाभर दुर्बळ झाल्याचे ते चिन्ह होय.

पण यंत्र आजचेच सांगते. कालचे सांगण्यास लाकूडच हवे. केरळातील सागाच्या वलयांवरून पुण्याच्या संशोधकांनी 1481 पर्यंतच्या पावसाचा माग काढला आहे. ठाण्याच्या सागाच्या वलयांतील कार्बनही मोजला गेला आहे. आमच्या भागातील जुन्या वाड्यांत व माळवदांत सागाची खांडे व तुळया आहेत. त्यांतील काही 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखाली गेली. उरलेला वाडा उतरला की लाकूड विकले जाते, रंधले जाते, कधी चुलीतही जाते. जुना कागद जाळू नये, हे आपण राजवाड्यांपासून शिकलो. जुनी तुळईही दप्तरच आहे. निदान तिचा एक काप, ती कोणत्या गावची व कोणत्या वाड्याची हे लिहून, जवळच्या महाविद्यालयात ठेवावा, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते. कुलाब्याच्या निरीक्षकांस आपल्या आकड्यांचे मोल ठाऊक नव्हते. तरी त्यांनी ते टिपले. आपणांस तर मोल ठाऊक आहे.