गोवन क्रेझी

गोव्याचे गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस (जन्म : पणजी, ८ मे १९५३) यांचा पहिला अल्बम. प्रकाशन १९८४, कॅसेटच्या रूपात. गाणी मुख्यतः इंग्रजीत, विषय बहुतांशी गोव्याचे, सूर थट्टेचा आणि टोचणीचा. नावातली ‘गोइंग क्रेझी’वरची कोटी उघड आहे. लोक-रॉक या सदरात हा अल्बम बसतो तो रॉकच्या ठेक्याला गोव्याच्या, पोर्तुगीज व लॅटिन गाण्यांचा लहेजा भेटल्यामुळे. पण रेमोंचे गाणे एका सदरात फार वेळ टिकत नाही, हेही नोंदवायला हवे.

रेमोंचा जन्म पोर्तुगीज अमलातला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. शाळकरी वयातच बँड, मग मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण आणि त्या काळात ‘द सॅव्हेजेस’ या नावाजलेल्या बँडबरोबर वादन. वास्तुविशारदाची पदवी हाती आली, पण पेशा गाण्याचाच राहिला. १९७७ ते १९८० या काळात ते युरोप व उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या वाहनाने फिरले, रस्त्यावर गाऊन पोट भरले आणि परतल्यावर बार्देश तालुक्यातील शिवोली या मूळ गावी राहू लागले. शेजारच्या हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यांवर तेव्हा हिप्पींचा मुक्काम होता.

त्या काळी भारतात इंग्रजी गाणारे बँड पुष्कळ होते, पण श्रोत्यांना हवी असत ती परदेशी तबकड्यांवरची गाणी हुबेहूब. स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांवर पैसे लावायला कंपन्या सहसा धजत नसत. रेमोंनी हा दरवाजा ठोठावत बसण्यापेक्षा शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रण केले. साधन होते चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, पोर्टास्टुडिओ. वाद्ये सगळी त्यांनी वाजवली, आवाजही सगळे त्यांचेच.

हे यंत्र समजल्याशिवाय अल्बमची घडण कळत नाही. तास्कम कंपनीने पहिला पोर्टास्टुडिओ १९७९ मध्ये बाजारात आणला. नेहमीच्या कॅसेटमध्ये दोन बाजूंना दोन-दोन ट्रॅक असतात. हे यंत्र ते चारही एकाच दिशेने वापरते, आणि दर्जा राखण्यासाठी फीत दुप्पट वेगाने पळवते. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटांचे काम मावते. वाद्ये चारांहून अधिक झाली तर तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर पुढचे वाजवायचे. एकदा मिसळलेले पुन्हा सुटे करता येत नाही, आणि दर उतरवणीला फितीची खरखर वाढते. एकट्याने वाजवणाऱ्याला म्हणून आधी सगळे गाणे डोक्यात रचून ठेवावे लागते. वास्तुकलेचे शिक्षण इथे कामी आले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी ‘नेब्रास्का’ (१९८२) हा अल्बम घरीच अशाच यंत्रावर मुद्रित केला होता. त्यांच्यामागे मोठी कंपनी उभी होती, हा फरक मात्र लहान नाही.

रेमोंच्या मागे कोणी नव्हते. त्यांनी ‘गोआना एंटरप्रायझेस’ या स्वतःच्या नावाखाली कॅसेट काढली आणि पिवळ्या स्कूटरवरून गोवाभर दुकानांत नेऊन पोहोचवली. हे जमले ते कॅसेटमुळे. तबकडी दाबायला कारखाना लागे. कॅसेटच्या प्रती थोड्या भांडवलात, हव्या तितक्याच काढता येत. रेडिओ व कॅसेट एकत्र असलेले टू-इन-वन यंत्र घरोघरी आल्यावर १९८० च्या दशकात ग्रामोफोन कंपनीची जुनी मक्तेदारी मोडली. टी-सीरिजसारखे मोठे खेळाडू वाढले तसे लहान प्रकाशकही तगले. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय संगीताच्या निवडक कॅसेटी याच माध्यमातून रसिकांपर्यंत नेल्या. गायक, वादक, तंत्रज्ञ, प्रकाशक आणि वितरक एकच माणूस, ही ‘गोवन क्रेझी’ची तऱ्हा मात्र त्या गर्दीतही विरळा होती.

अल्बमचे खरे वेगळेपण भाषेपेक्षा भूमिकेत आहे. पर्यटकांच्या पत्रकातला गोवा बाजूला सारून गोवेकराच्या नजरेतला गोवा रॉकमध्ये आणणे, तेही इंग्रजीत, हे तोवर फारसे कोणी केले नव्हते. पारंपरिक गोव्याच्या गीतांकडे रेमो थेट वळले ते पुढच्या ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) चित्रपटातही ते गायले व पडद्यावर दिसले. अमली पदार्थांविरुद्धच्या ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) या अल्बमांनी त्यांना गोव्याबाहेर नेले. देशभर घरोघरी नाव झाले ते हिंदी गाण्यांमुळे : ‘जलवा’ (१९८७), ‘बॉम्बे’ (१९९५) मधील ‘हम्मा हम्मा’, ‘प्यार तो होना ही था’ (१९९८). २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. आत्मचरित्र २०२१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. हिंदी गाण्यांवरून रेमोंना ओळखणाऱ्या श्रोत्याला पहिली कॅसेट ऐकताना आवाज ओळखीचा वाटतो, पण गाण्यातली तिरकस बोलणी आणि घरगुती कच्चेपणा नवा वाटतो. पुढच्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणांत हा कच्चेपणा उरला नाही.