ब्रेबॉर्न: खुर्च्यांच्या वाटपातून वाचलेला इतिहास

मुंबईत चर्चगेटच्या आसपास, चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर दोन क्रिकेट स्टेडियम आहेत: ब्रेबॉर्न आणि वानखेडे. शहर तेच, खेळ तोच, समुद्राचा वाराही तोच. मग दुसरं बांधायची गरज का पडली? फरक शोधायला गेलं की सगळ्यात आधी मालकी समोर येते. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे एका खाजगी क्लबचं; वानखेडे मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं.

बॅकबेला भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न उभं राहिलं. १९३६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी पायाभरणी केली आणि डिसेंबर १९३७ मध्ये ते सुरू झालं. त्याच हंगामात पंचरंगी सामने इथे आले आणि लगेच वाद झाला. आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून हिंदू संघाने स्पर्धेतूनच माघार घेतली!

१९४८ ते १९७३ या काळात इथे १७ कसोटी सामने झाले. पण तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचं बिनसलं. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी पुढाकार घेतला, जवळच नवं स्टेडियम झालं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळली गेली. ब्रेबॉर्नला पुढची कसोटी मिळाली थेट डिसेंबर २००९ मध्ये, तीही वानखेडेचं नूतनीकरण चालू होतं म्हणून. सेहवागने २९३ धावा काढल्या त्या याच सामन्यात.

आता संशोधनाच्या दृष्टीने जपून बघू. दोन्ही वेळी भांडण खुर्च्यांचं होतं, म्हणून कारण एकच असं म्हणायचा मोह होतो. तसं करू नका. १९३७ मध्ये संघ धर्मानुसार होते आणि जागा मागणारा त्यांतला एक संघ होता. १९७० च्या दशकात जागा मागत होती शहराचं क्रिकेट चालवणारी संघटना. दोन घटनांवरून नियम निघत नाही, प्रश्न मात्र पक्का मिळतो: खेळ सगळ्यांचा आणि मैदान मोजक्यांचं असेल, तर बघायचा हक्क कुणी वाटायचा?

मोठे सामने गेल्यावर ब्रेबॉर्न ओस पडलं नाही. २०१३ च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत इथेच झाली. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ब्रेबॉर्न आणि आमच्या मोऱ्यापासून त्यामानाने जवळ असलेलं नेरूळचं डी. वाय. पाटील, या दोनच मैदानांवर पार पडला. म्हणजे ज्या खेळाडूंना मोठी मैदानं सहज मिळत नव्हती, त्यांचा इतिहास लिहायचा तर या 'दुय्यम' मैदानावर यावंच लागतं.

विषय निवडताना एवढं करून बघा: एखाद्या वास्तूबद्दल वाचायला घेतलंत की ती कुणी बांधली हे लिहून घ्याच, पण आत बसायला कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हेही त्याच पानावर लिहा. खरा प्रश्न बहुतेक वेळा तिथे सापडतो.