अचूक एक्सेप्शनची कुळकथा

आजचा प्रोसेसर शेकडो इन्स्ट्रक्शन एकाच वेळी हाताशी धरतो. जिची तयारी आधी होते ती आधी उरकतो आणि तरीही गडबड (एक्सेप्शन) झालीच, तर ती नेमकी कुठे झाली हे बोट ठेवून सांगू शकतो. ही अचूकता फ्लोटिंग पॉइंटमधल्या चुका पकडण्यासाठी आली असे वाटणे साहजिक आहे. तिचे कूळ शोधले तर उलटेच दिसते. आकडेमोडीच्या घाईत ती गमावली गेली आणि परत आली ती मेमरीच्या गरजेपोटी.

आयबीएमच्या सिस्टम/३६० मॉडेल ९१ मध्ये बेरजेला दोन, गुणाकाराला तीन आणि भागाकाराला बारा सायकल लागत. भागाकार संपेपर्यंत मागच्या बेरजांना ताटकळत ठेवणे परवडणारे नव्हते. रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने ज्या इन्स्ट्रक्शनचे आकडे हाती आले ती पुढे सुटू लागली. पण मागून आलेल्या बेरजेने रजिस्टर बदलून टाकल्यावर आधीच्या भागाकारात ओव्हरफ्लो निघाला तर? त्या क्षणाची रजिस्टरे प्रोग्रामच्या कुठल्याच टप्प्याशी जुळत नसत. आयबीएमने हे झाकले नाही. अशा इंटरप्टला चक्क ‘इम्प्रिसाइज’, म्हणजे अचूक नसलेला, म्हटले. ते खपले, कारण या यंत्रात व्हर्च्युअल मेमरी नव्हती. ओव्हरफ्लोनंतर काम थांबवून छापील आकडे तपासता येत.

व्हर्च्युअल मेमरीत हवे ते पान हाताशी नसले की येणाऱ्या पेज फॉल्टचे तसे नाही. तो चूक नसतोच. ते पान डिस्कवरून आणायचे आणि त्याच इन्स्ट्रक्शनपासून काम पुन्हा सुरू करायचे. त्यासाठी तिच्या आधीचे सगळे पूर्ण आणि नंतरचे काहीच न झालेले असावे लागते. जेम्स स्मिथ आणि अँड्र्यू प्लेझकुन यांनी १९८५ मध्ये रीऑर्डर बफर मांडला: काम कोणत्याही क्रमाने संपो, निकाल रजिस्टरात जाईल तो प्रोग्रामच्या क्रमानेच. इंटेलच्या १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये या बफरला ४० जागा होत्या.

यावर कोणी म्हणेल, स्मिथ-प्लेझकुन यांच्या कारणांत गणिती चुकाही आहेत. शिवाय ब्रँचचा अंदाज चुकल्यावर मागे फिरायलाही हाच बफर लागतो. दोन्ही खरे. पण यातले निकडीचे कोणते, याचा निवाडा डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरने केला. १९९२ च्या या आराखड्यात पेज फॉल्ट अचूक होते आणि गणिताचे ट्रॅप (चूक होताच प्रोग्राम थांबवणारे इंटरप्ट) मात्र जाणूनबुजून इम्प्रिसाइज ठेवलेले. ज्याला नेमकी जागा हवी त्याने ट्रॅप-बॅरियर इन्स्ट्रक्शन घालावी आणि वेग गमवावा. एकाच यंत्रात गणिताच्या ट्रॅपला माफी आणि पेज फॉल्टला सक्ती, यापेक्षा स्पष्ट साक्ष मिळणे कठीण.

गणिताने आपली सोय वेगळीच लावून घेतली होती. विल्यम काहान यांचा मोठा हात असलेल्या आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकात पाच एक्सेप्शन आहेत आणि न सांगता घडायचे ते एवढेच: फ्लॅग लावा, अनंत किंवा ‘नॅन’सारखे ठरलेले उत्तर द्या आणि पुढे चला. लागलेला फ्लॅग आपणहून उतरत नाही, म्हणून कोणत्या इन्स्ट्रक्शनने तो आधी लावला याने फरक पडत नाही. तरी क्रमातून पूर्ण सुटका नाही: चुकीच्या अंदाजाने चालवलेल्या, पुढे रद्द झालेल्या इन्स्ट्रक्शनचा फ्लॅग लागून चालत नाही, म्हणून तोही निकालाबरोबर क्रमानेच नोंदवला जातो. रिस्क-फाइव्हच्या मूळ आराखड्यात तर फ्लोटिंग पॉइंटच्या एक्सेप्शनला ट्रॅपच ठेवलेला नाही. आहेत ते फक्त पाच फ्लॅग.